रिपीट कुठं संपतं

सोलापुरी चादरी विकणाऱ्या वेबसाइटच्या मागे कुठून तरी उतरवलेलं परदेशी लिननचं टेक्श्चर लावायचं, हे मला पटत नव्हतं. मैत्रिणीच्या सासरी अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी आणि टॉवेलचा छोटा कारखाना आहे. पद्मशाली घर, घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी नाहीतर हिंदी. लग्नपत्रिका, बिलबुकं, फ्लेक्स ही माझी नवी पेठेतली रोजची कामं. त्यांच्या साइटचं काम आलं तेव्हा मी आनंदानं घेतलं, पण एक गोष्ट आधीच सांगितली. पार्श्वभूमीला कापड दिसणार असेल तर ते तुमच्याच मागावरचं असेल. इथल्या चादरीलाही भौगोलिक मानांकन आहे आणि टेरी टॉवेललाही. त्यांचा पोत पडद्यावर आणायला दुसऱ्याचं कापड कशाला?

पोत पडद्यावर आणायचा म्हणजे टाइल करायची. एक छोटा तुकडा, जो ब्राउझर शेजारी शेजारी आणि खाली खाली मांडत जातो. सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपान कसं दिसावं ते सांगणाऱ्या भाषेत, पार्श्वभूमीला चित्र दिलं की ते आपोआप रिपीट होतं, त्यासाठी वेगळं काही लिहावंही लागत नाही. अट एवढीच, की तुकड्याची उजवी कड डाव्या कडेशी आणि खालची कड वरच्या कडेशी अशी जुळावी, की बघणाऱ्याला तुकडा कुठं सुरू झाला ते कळू नये.

कापडाला हात घालण्याआधी मी दगड घेतला. भुईकोट किल्ल्याची तटबंदी घरापासून जवळ आहे, आणि काळ्या दगडाचा पोत साइटच्या तळपट्टीला शोभेल असं डोक्यात होतं. फोटो काढायला उजेड निवडावा लागतो. सोलापूरचं ऊन वर्षातले बरेच महिने इतकं कडक असतं, की दगडाच्या प्रत्येक खड्ड्यात काळीकुट्ट सावली पडते आणि ती सावली टाइलमध्ये कायमची बसते. एका बाजूनं उजेड आणि दुसऱ्या बाजूनं अंधार असलेला फोटो रिपीट केला की पडद्यावर पट्टे उमटतात. म्हणून ऊन भिंतीवर यायच्या आधी, किंवा ढगाळ दिवशी जायचं. भिंतीसमोर नीट काटकोनात उभं राहायचं, थोडं लांब जाऊन झूम करायचं. मोबाइलच्या रुंद लेन्सनं जवळून काढलेल्या फोटोत कडेचे दगड ताणलेले येतात.

काम मी गिम्प या फोटोंवर काम करायच्या सॉफ्टवेअरमध्ये करते. फुकट आहे, आणि माझ्या जुन्या मशीनवर चालतं. फोटोतला नीट भाग १०२४ बाय १०२४ पिक्सेलांचा कापला. मग लेअर मेनूतल्या ट्रान्सफॉर्ममध्ये ऑफसेट. शिफ्ट-कंट्रोल-ओ दाबलं तरी तीच खिडकी उघडते. त्यात अर्धी रुंदी आणि अर्धी उंची सरकवायचं बटण आहे, आणि कडा गुंडाळून घ्यायचा पर्याय आहे. तो निवडला की चित्राचा जो भाग उजवीकडून बाहेर जातो तो डावीकडून आत येतो, जो खालून जातो तो वरून येतो. यातली खुबी अशी, की आता बाहेरच्या चारही कडा आपोआप जुळलेल्या असतात, कारण मूळ फोटोत त्या जागा शेजारी शेजारीच होत्या. न जुळलेलं सगळं चित्राच्या मधोमध येतं, एक उभी आणि एक आडवी रेघ होऊन. आता ही अधिक चिन्हासारखी रेघ बुजवायची, आणि बुजवताना ब्रश बाहेरच्या कडेला लावायचा नाही. फोटोशॉपमध्ये हेच फिल्टर मेनूतल्या अदरमध्ये आहे. क्रिता या चित्रं रंगवायच्या सॉफ्टवेअरमध्ये तर डब्ल्यू दाबलं की कॅनव्हास चारही बाजूंनी रिपीट होताना दिसतो आणि त्यावर थेट रंगवता येतं. ज्यांना हातानं पोत काढायचे आहेत त्यांनी क्रिताच घ्यावं.

गिम्पमध्ये फिल्टर मेनूतल्या मॅपखाली टाइल सीमलेस नावाची एका झटक्यात होणारी सोयही आहे. ती चित्राची सरकवलेली प्रत मूळ चित्रात विरघळवते. वाळू, मुरूम, गवत यांना ती चालून जाते. दगडी बांधकामाला नाही, कारण एका दगडाच्या अंगात दुसऱ्या दगडाची पुसट दरज दिसायला लागते.

तटबंदीला हातानंच करावं लागतं. दगडांचे आडवे थर असतात, थरांमध्ये दरजा असतात. वरची आणि खालची कड दरजेवरच येईल असा भाग निवडला, तर आडव्या रेघेचं अर्धं काम तिथंच होतं. उभी रेघ दगडाच्या मधून जाते, तिथं क्लोन टूलनं फोटोतल्या दुसऱ्या जागेचा एक अख्खा दगड उचलून रेघेवर बसवायचा. दगडाचे तुकडे जोडत बसण्यापेक्षा पूर्ण दगड बसवलेला बरा, कारण त्याच्या चारही दरजा त्याच्याबरोबर येतात. हील टूल शेवटी, फक्त रंगातला फरक मिटवायला. हील सुरुवातीलाच वापरलं तर कडा धुरकट होतात.

सांधा गेला की टाइल झाली असं वाटतं, पण खरी परीक्षा पुढं असते. टाइल कॉपी केली की गिम्पमध्ये पॅटर्नच्या यादीत ती सगळ्यात वर दिसते. तीन-चार हजार पिक्सेलांचा कोरा कॅनव्हास घेऊन बकेट फिलनं त्यात ओतायची, झूम २५ टक्क्यांवर आणायचा आणि डोळे किंचित मिटून बघायचं. माझ्या तुकड्यात एका दगडावर शेवाळ वाळून पांढरा ठिपका झाला होता. एकट्या टाइलमध्ये तो सुंदर दिसायचा. भरलेल्या कॅनव्हासवर तोच ठिपका ठरावीक अंतरानं ओळीत उभा राहिला, आणि नजर त्याच्याशिवाय कशावर ठरेना. डोळ्याला जोड सापडला नाही तरी वेगळी गोष्ट लगेच सापडते. तो ठिपका काढला, तर त्याच्या खालोखाल वेगळा दगड डोळ्यात आला. एकेक करत असे सगळे दगड सपाट केले तर शेवटी बांधकामात जीवच उरत नाही. कुठं थांबायचं ते पडद्यावर टाइल किती वेळा दिसणार यावर ठरवावं. माझ्या तळपट्टीत ती जेमतेम चार-पाच वेळा येणार होती, म्हणून बरेच दगड मी तसेच ठेवले.

उजेड कितीही सांभाळला तरी थोडा चढउतार राहतोच. त्यावर एक उपाय मी प्रत्येक टाइलला वापरते आणि तो ऑफसेटच्या आधी करते. लेअरची, म्हणजे चित्राच्या थराची, प्रत काढायची, तिला भरपूर मोठ्या त्रिज्येचा गॉसियन ब्लर द्यायचा, इतका की दगड दिसेनासे होऊन फक्त उजेड-अंधाराचे ढग उरावेत. मग त्या लेअरचा मोड, म्हणजे खालच्या लेअरमध्ये मिसळायची रीत, ग्रेन एक्स्ट्रॅक्ट करायचा. खालच्या चित्रातून ते ढग वजा होतात आणि मधल्या राखाडीवर फक्त बारीक पोत उरतो. रंगही जातो, तो परत आणायला मूळ फोटोच्या सरासरी रंगानं भरलेला एक लेअर वर ठेवून त्याचा मोड ग्रेन मर्ज करायचा. ब्लरची त्रिज्या लहान ठेवली तर दगडांमधला खराखुरा फरकही वजा होतो आणि भिंत प्लॅस्टिकची वाटते.

मग कापड.

मैत्रिणीचे सासरे पूर्वी जॅकार्डची, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राची, कार्डं पंच करायचे. त्यांना मी काकाच म्हणते. दगडाची टाइल लॅपटॉपवर त्यांना दाखवली, ऑफसेट करून रेघ मधे कशी येते आणि ती कशी बुजवायची तेही दाखवलं. त्यांनी शेजारी उघडलेला चादरीचा स्कॅन बघितला आणि विचारलं, "हे पण असंच बुजवणार का गं?" मी म्हटलं, तुम्ही सांगा. तर म्हणाले, "कापडाला बुजवायचं काय असतंय? रिपीट कुठं संपतंय ते बघ की आधी. तिथं कापलंस की झालं."

मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. डिझाइन आधी चौकटीच्या कागदावर उतरतं. एक चौकट म्हणजे उभा आणि आडवा धागा जिथं एकमेकांवरून जातात ती एक जागा. त्या कागदावरच्या प्रत्येक आडव्या ओळीसाठी एक कार्ड. भोक असेल तिथं हुक वर जातो आणि त्याच्या दोऱ्यांना बांधलेले ताण्याचे, म्हणजे उभे, धागे उचलले जातात, भोक नसेल तिथं धागा खाली राहतो. कार्डं दोरीनं एकमेकांना ओवलेली असतात आणि शेवटचं कार्ड पहिल्या कार्डाला बांधलेलं असतं. साखळी फिरत राहते, नक्षी लांबीला पुन्हा पुन्हा येत राहते. रुंदीला एकाच हुकाच्या दोऱ्या कापडाच्या पन्ह्यात अनेक ठिकाणी गेलेल्या असतात, म्हणून एक हुक वर गेला की प्रत्येक नक्षीतला तोच धागा एकदम उचलला जातो. मी ऐकत होते आणि मला ऑफसेटची खिडकी आठवत होती. कडा गुंडाळून घ्यायचा तो पर्याय सॉफ्टवेअरमध्ये आहे, यांच्याकडे तो दोरीनं बांधलेला होता. ज्याच्या नावावरून जॅकार्ड हा शब्द आला त्या जॅकारचं यंत्र १८०४ सालचं. आता बऱ्याच मागांवर कार्डांची जागा इलेक्ट्रॉनिक जॅकार्डनं घेतली आहे आणि डिझाइन संगणकावर होतं, पण रिपीटचा हिशोब तोच आहे.

त्यामुळे चादरीच्या टाइलला क्लोन टूल जवळजवळ लागतच नाही. मोजणी लागते.

मधली मोठी नक्षी ए-फोर स्कॅनरच्या काचेवर मावत नाही, म्हणून कडेच्या पट्ट्यातली लहान चौकडी घेतली. ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० पिक्सेल, स्कॅन केलं. कापडात इंचाला ४० धागे असतील तर ६०० डीपीआयला एका धाग्याला १५ पिक्सेल मिळतात, पुढं लहान करायला भरपूर. कापड काचेवर ठेवताना ताणायचं नाही, नुसतं पसरायचं आणि वर सपाट वजन ठेवायचं. कितीही सरळ ठेवलं तरी आडवे धागे थोडे तिरके जातातच.

रिपीट मोजताना काकांनी धागे मोजायचं घडीचं भिंग दिलं, मी पडद्यावर मोजत होते, ते कापडावर. ताण्याचे ६४ धागे आणि बाण्याचे, म्हणजे आडवे, ४८ धागे झाले की नक्षी पुन्हा सुरू. कापायचं कुठं, तर एका धाग्याच्या डाव्या कडेपासून पुढच्या नक्षीतल्या त्याच धाग्याच्या डाव्या कडेपर्यंत. उजव्या कडेपर्यंत घेतलं तर तो धागा दोनदा येतो, आणि एक जास्तीचा धागा चादरीत जितका खटकतो तितकाच पडद्यावर खटकतो. एका रिपीटवर खूण करण्यापेक्षा सलग चार रिपीटचं अंतर मोजून चारनं भागलं तर मोजणी जास्त नेमकी येते.

आता तिरकं आलेलं कापड सरळ करायचं. गिम्पच्या पर्स्पेक्टिव्ह टूलमध्ये दिशा करेक्टिव्ह ठेवता येते. जाळीचे चार कोपरे चार रिपीटच्या चार तंतोतंत सारख्या जागांवर नेऊन ठेवायचे, आणि टूल तो तिरका चौकोन उलट्या हिशोबानं ताठ करून देतं. कोपरा म्हणजे दोन धाग्यांची एक ठरावीक गाठभेट. झूम ८०० टक्के करून ती जागा पकडायची. इथं दिलेला वेळ पुढं कितीतरी पटीनं परत मिळतो.

त्यानंतरचं मला सगळ्यात आवडलेलं काम. चार रिपीट हातात होते, म्हणजे एकाच नक्षीच्या चार प्रती. प्रत्येकीत कुठं धाग्याचा फुगवटा, कुठं कापसाची गाठ, कुठं तंतू. चौघी एकमेकींवर लेअर म्हणून ठेवल्या आणि खालून वर अपारदर्शकता १००, ५०, ३३ आणि २५ टक्के दिली. असं केलं की चौघींची बरोबर सरासरी येते. एकीतली गाठ बाकीच्या तिघींत नसते, म्हणून ती पुसट होते, आणि नक्षी चौघींत असते म्हणून ती टिकते. पांढऱ्या ठिपक्याचा जो प्रश्न दगडात होता, तो इथं ब्रश न लावता सुटला. चारांवरून आठांवर जायचा मोह झाला, पण आठांची सरासरी इतकी गुळगुळीत आली की ते सुती कापड वाटेना. चारांमध्ये धाग्याचा खडबडीतपणा शिल्लक होता. मी चारच ठेवल्या.

लहान करताना एका धाग्याला पूर्ण पिक्सेल मिळतील असं माप घेतलं. ताण्याच्या ६४ धाग्यांना ८-८ पिक्सेल, म्हणजे रुंदी ५१२. बाणा जाड, म्हणून ४८ धाग्यांना १०-१० पिक्सेल, म्हणजे उंची ४८०. टाइल चौरसच हवी असा वेबवर काही नियम नाही. दोनाच्या घातातली मापं, ५१२ नाहीतर १०२४, ही मुख्यतः गेम करणाऱ्यांची गरज. धाग्याला साडेसात पिक्सेल आले तर काही धागे जाड, काही बारीक पडतात, आणि लांबून बघितलं की कापडावर लाटा दिसतात. मोअरे म्हणतात तो हाच प्रकार. ब्राउझरचा झूम कोणी ११० टक्के केला तर लाटा थोड्या येणारच, त्या पूर्ण थांबवता येत नाहीत. पोताचा कॉन्ट्रास्ट कमी असला की त्या डोळ्यात भरत नाहीत.

शेवटी थोडं शार्पन. इथं एक सांभाळायला हवं. शार्पन किंवा ब्लर हे फिल्टर प्रत्येक पिक्सेलच्या शेजाऱ्यांकडे बघून काम करतात, आणि कडेच्या पिक्सेलला एका बाजूला शेजारीच नसतो. जुळलेल्या टाइलवर थेट शार्पन केलं तर गेलेला सांधा बारीक रेघ होऊन परत येतो. म्हणून टाइल आधी तीन बाय तीन मांडायची, त्या मोठ्या चित्रावर फिल्टर लावायचा आणि मधली टाइल कापून घ्यायची.

जेपीजीच्या बाबतीतही कडांचाच मुद्दा येतो. जेपीजी चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलांचे ठोकळे पाडतं, आणि रंगाची माहिती अर्धी करून साठवली तर ते ठोकळे १६ बाय १६ चे होतात. टाइलचं माप १६ नं भागलं जात असेल तर शेवटचा ठोकळा अर्धवट राहत नाही. ५१२ आणि ४८० दोन्ही भागले जातात. तरी क्वालिटी फार उतरवली तर कडा थोड्या फाटतातच, म्हणून चादरीची टाइल मी रंग कमी करून पीएनजीत ठेवली आणि दगडाची चांगल्या क्वालिटीच्या जेपीजीत.

साइटवर लावल्यावर मजकुराचा प्रश्न आला, आणि तो देवनागरीला जास्त जाचतो. मोबाइलवरच्या अक्षरांत अनुस्वाराचं टिंब दोन-तीन पिक्सेलांचं असतं. जास्त पिक्सेलांच्या दाट स्क्रीनवर स्वच्छ दिसावी म्हणून टाइल मी सीएसएसमध्ये अर्ध्या मापाला, २५६ बाय २४० ला बसवली होती, त्यामुळे धागा चार-पाच पिक्सेलांचा. म्हणजे धाग्याचा ठिपका आणि अनुस्वार जवळजवळ सारखेच. 'रंग' आणि 'रग' यांतला फरक कापडात हरवतो, आणि चादरीच्या दुकानात हे दोन्ही शब्द येतात. रोमन लिपीत असे लहान ठिपके थोडे; आपल्याकडे अनुस्वार, रफार, नुक्ता, उकार सगळं अक्षराच्या वर-खाली. पोत इतका फिका केला की धाग्याचा उजळ आणि गडद भाग यांत नजरेला जेमतेम फरक राहावा. साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांत किमान ४.५ : १ कॉन्ट्रास्ट असावा असं वेबच्या सुलभतेच्या नियमावलीत आहे. काळ्या अक्षरांसाठी तो पोताच्या सरासरी रंगाशी मोजून उपयोग नाही, सगळ्यात गडद धाग्याशी मोजावा. लांब परिच्छेदांच्या मागे मी टाइल ठेवलीच नाही, तिथं साधा हातकागदी पांढरा.

टॉवेलला यातली एकही पद्धत पुरी पडली नाही. टेरीचे फासे एका बाजूला कललेले असतात, पण रांगेत मोजावेत इतके शिस्तीत नसतात. त्याला दगडाचीच वाट, ऑफसेट आणि क्लोन, फक्त क्लोन करताना फाशांचा कल बदलू द्यायचा नाही. तरी रिपीट डोळ्याला दिसत होता. तिथं दोन थर केले. खाली टेरीची टाइल ३११ पिक्सेल रुंद, तिच्यावर पारदर्शक पीएनजीत नुसत्या हलक्या सावल्यांची दुसरी टाइल, ४०१ पिक्सेल रुंद. सीएसएसमध्ये एका जागी दोन पार्श्वभूमी देता येतात. ३११ आणि ४०१ दोन्ही मूळ संख्या, म्हणून दोन्ही टाइलच्या कडा पुन्हा एका जागी यायला १,२४,७११ पिक्सेल जावे लागतात. तेवढा रुंद पडदा कुणाकडेच नाही. चादरीला हे करू नये. तिथं रिपीट दिसणं हीच कापडाची ओळख आहे.

चादरीची टाइल मी राखाडीत जपून ठेवली आहे, सगळ्या लेअरसकट एक्ससीएफ या गिम्पच्या फाइलमध्ये. एकच डिझाइन कारखान्यात अनेक रंगांत निघतं. आता प्रत्येक रंगाच्या पानाला त्या रंगाचा ग्रेन मर्ज लेअर वर ठेवून नवी टाइल काढते. लाल आणि निळी झाली आहे. मेंदी रंग पडद्यावर कापडासारखा येत नाही, त्यासाठी काकांनी ताण्याचा आणि बाण्याचा रंग वेगळा धरायला सांगितलं आहे. म्हणजे राखाडी टाइलमधून उभे धागे आणि आडवे धागे दोन वेगळ्या मास्कमध्ये, म्हणजे चित्राचा ठरावीक भागच उघडा ठेवणाऱ्या साच्यांत, निवडावे लागतील. उभा धागा ८ आणि आडवा १० पिक्सेलांवर नेमका बसवलेला आहे, त्यामुळे ते मास्क ग्रिडवरून काढता येतील. सध्या त्यांच्या चौकटीच्या कागदावरूनच ते भरते आहे.